केसांची बट पाठवण्याआधी

रेडिऑनिक्सच्या उपचारकाला रुग्ण समोर लागत नाही. केसांची बट, फोटो किंवा रक्ताचा थेंब पुरतो. पेटीसारख्या यंत्राची डायल फिरवून तो रोग सांगतो आणि दुरूनच 'लहरी' पाठवतो. त्यामुळे मुळशीत ताम्हिणीजवळच्या गावात राहूनही हा उपचार घेता येतो. आपण घेणार असाल, तर पुढील क्रम पाळावा.

१. नावावरून विश्वास ठेवू नये. १९४०च्या दशकात 'रेडिऑनिक्स' हा शब्द इलेक्ट्रॉनिक्ससाठीही वापरला जाई. झेनिथ कंपनीचे १९४३चे 'रेडिऑनिक' श्रवणयंत्र खरोखर आवाज वाढवत असे. रोग ओळखणाऱ्या पेट्या वेगळ्या; त्यांचा उगम सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट अब्राम्स यांच्याकडे जातो.

२. चालू औषध एक दिवसही थांबवू नये. इन्सुलिन, फिटच्या आणि टीबीच्या गोळ्या यांबाबत तर मुळीच नाही. लहान वयात मधुमेह झालेल्या मुलाचे इन्सुलिन बंद केले, तर काही दिवसांतच जिवावर बेतते. औषध सोडायला सांगणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवावा.

३. आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी सांगितलेल्या तपासण्या करून तारखेसह कागद जपावेत.

४. मग यंत्राची परीक्षा घ्यावी. एकाच व्यक्तीचे केस दोन पाकिटांत आणि तिसऱ्या पाकिटात दुसऱ्याचे घालावेत. पाकिटांवर फक्त क्रमांक टाकावेत. नाव, वय, तक्रार काहीही सांगू नये. कोणते पाकीट कोणाचे, हे घरातल्या एकानेच लिहून ठेवावे. पहिल्या दोन पाकिटांची निदाने जुळली नाहीत, तर यंत्राला काही कळत नाही. 'पचन मंद आहे, मनावर ताण आहे' अशी कोणालाही लागू पडणारी वाक्ये हिशेबात धरू नयेत. १९२३-२४मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या चौकशीत अब्राम्स पद्धतीच्या एका डॉक्टरला रोगजंतूंच्या सहा कुप्या दिल्या होत्या. सहाही उत्तरे चुकली. अशी परीक्षा नाकारणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. पैसे दिलेच असतील, तर पावती, संदेश आणि जाहिरातीचे फोटो ठेवावेत. मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरे करण्याचा दावा करून औषध वा उपचार-साधनाची जाहिरात करण्यास १९५४च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. फसवणुकीसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.