जनरेटरच्या आधी चेंजओव्हर

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणातल्या शेतकऱ्याची कामे ठरलेली असतात. गोठ्याचे पत्रे आवळायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, पाणंदी मोकळ्या करायच्या, भाताचे बियाणे काढून ठेवायचे. गेल्या काही वर्षांत या कामांत जनरेटरची भर पडली आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकले आणि पुन्हा खांब आडवे झाले. ज्याच्या दारात चार दुभती जनावरे आहेत, शेडमध्ये पिल्ले आहेत किंवा ज्याचे पिण्याचे पाणीच विहिरीवरच्या मोटारीवर अवलंबून आहे, त्याला जनरेटर ही चैन वाटण्याचे दिवस गेले. कोणता घ्यावा, किती केव्हीएचा घ्यावा, याची चर्चा दुकानात भरपूर होते. तो घराला जोडायचा कसा, हे मात्र बहुतेक वेळा लाइट गेल्यावर, अंधारात, बॅटरीच्या उजेडात ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे की जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर तो चेंजओव्हर स्विचमधूनच जोडावा. त्याला दुसरा पर्याय नाही. ‘मी काळजी घेतो’ हा तर नाहीच नाही.

सर्रास केले जाते ते असे. वायरच्या दोन्ही टोकांना पिनांचा प्लग बसवायचा, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे घरातल्या एखाद्या पंधरा अँपच्या सॉकेटमध्ये खुपसायचे, की सगळे घर उजळते. यातला पहिला धोका हातातच असतो. जनरेटर चालू असताना सॉकेटमधून निसटलेल्या प्लगच्या उघड्या पितळी पिनांत २३० व्होल्ट खेळत असतात. दुसरा धोका घरातून दिसत नाही. सॉकेटमधून शिरलेली वीज घरापुरती थांबत नाही. ती मेनमधून, मीटरमधून, सर्व्हिस वायरवरून खांबावर जाते आणि तिथून डीपीपर्यंत पोहोचते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो, म्हणजे एका फेजला २५०. हे प्रमाण ४४ पट आहे आणि ट्रान्सफॉर्मरला सुलट-उलट कळत नाही. खालून २३० व्होल्ट दिले तर वरच्या तारांवर दहा हजारांच्या घरात व्होल्ट उभे राहतात. वर त्या वेळी तार जोडायला चढलेला माणूस असतो, आणि लाइन बंद आहे असे समजूनच तो चढलेला असतो.

यावर जाणकार म्हणवणारे लोक एक आक्षेप घेतात आणि तो अगदीच पोकळ नाही. एवढासा दोन-तीन केव्हीएचा जनरेटर सगळ्या वाडीचा भार कसा ओढेल? सुरू करताच तो गुदमरून बंद पडेल किंवा त्याचा ब्रेकर पडेल, मग वरपर्यंत वीज जाणार कशी? लाइन अखंड असेल तर बहुधा तसेच होईल. पण लाइन अखंड असती तर जनरेटर लावण्याची वेळच कशाला आली असती? वादळात तारा तुटतात, डीपीतले फ्यूज उडतात, एखाद्या खांबावरचे जंपर निखळतात. मग तुमच्या घराशी जोडलेला लाइनचा तुकडा दोन-तीन खांबांचा आणि एक-दोन घरांचाच उरतो. तेवढा तुकडा छोटा जनरेटर आरामात चालवतो आणि घरात बल्बही नीट लागतात, म्हणजे काही चुकते आहे अशी शंकाही येत नाही. ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोहोचली नाही तरी त्या तुकड्यात २३० व्होल्ट असतातच. ओला खांब, ओले कपडे आणि ओले हात असताना तेवढे पुरेसे आहेत. तार कुठे तुटली आहे हे घरात बसून कळत नाही, तेव्हा या हिशेबावर कोणाचा जीव टांगणे बरोबर नव्हे.

दुसरा आक्षेप असा की वायरमन परमिट घेतल्याशिवाय चढतच नाही. हे खरे आहे आणि तसेच व्हायला हवे. पण परमिट मिळते ते सबस्टेशनवरून. तिथला फीडर बंद केला की वरून येणारी वीज थांबते. खालून, कोणाच्या तरी पडवीतून येणाऱ्या विजेची नोंद तिथल्या रजिस्टरात नसते. तारा शॉर्ट करून, अर्थ करून मगच हात लावायचा हा नियम याचसाठी आहे, आणि तो पाळला तर बराच बचाव होतो. तरीही पाच वाजता तपासलेल्या लाइनवर साडेसहाला कोणी जनरेटर सुरू केला तर काय, हा प्रश्न उरतोच. आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या वादळानंतर तुमच्या खांबावर चढणारा वायरमन बहुधा तुमच्या गावचा नसतो. निसर्गच्या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आणून कामे केली गेली. कोणत्या घरी जनरेटर आहे हे गावच्या वायरमनला ठाऊक असते, त्या पाहुण्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत समंजस आहे: ‘आम्ही मेन पाडूनच जनरेटर लावतो.’ मेन खरोखर दोन्ही तारा तोडणारा असेल आणि दर वेळी आठवणीने पाडला जात असेल तर वीज बाहेर जाणार नाही, हे मान्य. पण जुन्या घरांत मेन म्हणजे नुसता फ्यूजची ग्रिप असलेला कटआऊट असतो. ग्रिप काढली तरी फेजच तुटतो, न्यूट्रल बाहेर जोडलेला राहतो. शिवाय मेन पाडणारा माणूस रोज तोच नसतो. पहिल्या दिवशी घरचा कर्ता पाडतो, आठव्या रात्री तो बाहेरगावी असतो आणि कॉलेजातला मुलगा जनरेटर ओढतो. काही घरांत तर मेन मुद्दाम चालू ठेवतात, कारण नाहीतर लाइट आलेली कळत नाही! ती खरोखर आली तर काय होते तेही पाहू. महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज यांच्या लहरी जुळलेल्या नसतात. दोन्ही एकमेकींवर आदळल्या की जनरेटरची वाइंडिंग जळते आणि टाकीत पेट्रोल असलेल्या यंत्राला आगही लागू शकते. म्हणजे वायरमनचे सोडा, स्वतःच्या खिशापुरता विचार केला तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे.

चेंजओव्हर स्विच या सगळ्या आठवणींची गरजच काढून टाकतो. लोखंडी किंवा प्लास्टिकच्या पेटीत एक दांडा असतो आणि त्याच्या तीन जागा असतात: एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. घराकडे जाणाऱ्या तारा एका वेळी एकाच बाजूला टेकतात, दोन्हीकडे टेकणे त्याच्या रचनेतच शक्य नसते. तो मीटर आणि मेनच्या पुढे, पण घरातल्या वाटपाच्या बोर्डाच्या आधी बसवतात. सिंगल फेज घराला दोन पोलचा घ्यावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. थ्री फेज जोडणी असेल तर चार पोलचा लागतो, किंवा दिवे, पंखे, फ्रीज यांचे सर्किट वेगळे काढून तेवढ्यापुरताच दोन पोलचा लावता येतो. लहान घराला हा दुसरा मार्ग जास्त सोयीचा. लाइनच्या बाजूला एक इंडिकेटर बल्ब लावून घ्या, म्हणजे वीज आलेली कळेल आणि त्यासाठी मेनशी खेळावे लागणार नाही. जनरेटरपासून स्विचपर्यंत तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची केबल असावी. ३ केव्हीए म्हणजे सुमारे १३ अँप. दिव्यांसाठीची बारीक वायर तेवढ्याला तापते. आपोआप बदलणारा महागडा पॅनेल शेतघराला लागत नाही.

अलीकडे नवा युक्तिवाद ऐकू येतो. छतावरच्या सोलरची वीज सरकारच लाइनमध्ये घ्यायला परवानगी देते, मग जनरेटरने काय पाप केले? उत्तर सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये आहे. लाइन गेली की तो स्वतःहून बंद पडतो, तशी सक्तीच आहे. म्हणूनच ऊन असूनही लाइट गेल्यावर असे सोलर चालत नाही आणि लोक त्याला नावे ठेवतात. जनरेटरला असे काही कळत नाही. उलट, ज्यांच्याकडे असे सोलर आहे त्यांनी जास्त सावध राहावे. सोलरचा इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या घराकडच्या बाजूला जोडलेला असेल तर तो जनरेटरलाच लाइन समजून त्याच्यात वीज ढकलू शकतो आणि जनरेटर बिघडू शकतो. त्याची जोडणी लाइनच्या बाजूला आहे ना, हे बसवणाऱ्याकडून पाहून घ्या.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर दोन वाक्ये जास्त. पुष्कळ छोट्या जनरेटरांत न्यूट्रल यंत्राच्या सांगाड्याला जोडलेला नसतो. अशा वेळी घरात शॉक लागला तर धक्का ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी पडेलच असे नाही, कारण गळणाऱ्या विजेला परतीची वाटच नसते. फसवणारी गोष्ट अशी की त्याचे टेस्टचे बटण दाबले तर तो पडतो, आणि सगळे ठीक आहे असे वाटते. जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि न्यूट्रल सांगाड्याला व अर्थला एकाच ठिकाणी जोडावा की नाही, हे त्या मॉडेलचे माहितीपत्रक पाहून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच ठरवावे. हे काम हौशी हाताचे नाही.

जनरेटर केवढा घ्यायचा याचा हिशेब मोटारीपासून करावा. बल्ब, तीन पंखे आणि मोबाइल यांना तीनशे वॅटही पुरतात. एक एचपीची पाण्याची मोटार चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट विद्युत प्रवाह ओढते. म्हणून आधी इतर सगळे बंद ठेवून मोटार सुरू करावी, ती लयीत आली की बाकीचे लावावे. फ्रीजचेही तसेच. शेतातली तीन किंवा पाच एचपीची थ्री फेज मोटार या जनरेटरवर चालवण्याचा नाद सोडा. लाइनवर कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढणारे गावोगावी आहेत, पण ती क्लृप्ती इथे केली तर मोटार आणि जनरेटर दोन्ही जळतील. कडबाकुट्टी किंवा दूध काढण्याचे यंत्र चालवायचे असेल तर त्याच्या पाटीवरची एचपी आणि फेज वाचून मगच जनरेटर घ्या. आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते, तेव्हा महिनोन्महिने ते टाकीत ठेवू नये.

विजेइतकाच धूर घातक आहे. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि झोपलेल्याला ते कळत नाही. पाऊस म्हणून जनरेटर पडवीत, माजघराच्या खिडकीखाली किंवा गोठ्यात आणून ठेवणे म्हणजे घरात चूल पेटवून धुराडे बुजवण्यासारखे आहे. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. जनरेटर घरापासून निदान वीस फुटांवर, चारही बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या छपराखाली, उंच ओट्यावर असावा. पावसाळ्यात वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे घराच्या ईशान्येची किंवा पूर्वेची बाजू बरी, आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट दिशेला. जनावरांनाही हा वायू तितकाच बाधतो. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे, मग टाकीचे झाकण उघडावे.

राहिला पैशाचा प्रश्न. हाताने फिरवायचा स्विच, केबल आणि मजुरी धरून येणारा खर्च जनरेटरच्या किमतीपुढे किरकोळ असतो, पण तोही या हंगामात निघत नसेल तर घराच्या वायरिंगला हात लावू नये. जनरेटरच्या स्वतःच्या सॉकेटमधून जाड केबलचा एक्स्टेन्शन बोर्ड घरात आणावा आणि फ्रीज, दोन बल्ब, एक पंखा थेट त्यावर लावावा. दिसायला वेंधळे दिसेल, पण घराच्या वायरिंगशी संबंधच नसल्याने वीज लाइनवर जाण्याचा प्रश्न येत नाही. ही तडजोड मी कोणालाही सुचवीन. दोन्हीकडे पिना असलेली ती वायर मात्र घरात असेल तर आजच एका टोकाचा प्लग कापून टाका.

मृग सुरू होतो ७-८ जूनच्या सुमारास. त्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून चेंजओव्हर बसवून घ्या आणि जनरेटर घेतल्याचे महावितरणच्या आपल्या शाखा कार्यालयात कळवून ठेवा. स्विच बसला की एकदा दिवसाउजेडी, वीज असतानाच, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना तो दांडा फिरवायला लावा. वादळानंतर खाली पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे समजू नका, जनावरे आणि मुले लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.