‘नागपूर’साठी १९ बाइट

नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाचे बोट धरून भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या सी भाषा शिकल्या. त्या भाषेत वारंवार घडणाऱ्या चुकांपैकी स्ट्रिंगसाठी, म्हणजे ओळीने साठवलेल्या अक्षरमालिकेसाठी, अपुरी मेमरी मागण्याची चूक सर्वांत फसवी ठरते, कारण ती घडते त्या क्षणी दिसत नाही.

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी कोठेही नोंदलेली नसते. शून्य मूल्याचा बाइट आला की मजकूर संपला, एवढाच संकेत असतो. लांबी सांगणारे स्ट्रलेन हे फंक्शन हा शेवटचा बाइट मोजत नाही, म्हणून प्रोग्राम चालू असताना मेमरी मिळवून देणाऱ्या मॅलॉककडे त्या लांबीपेक्षा एक बाइट अधिक मागावाच लागतो. ‘नागपूर’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात, युनिकोड काना व ऊकार वेगळे धरून सहा चिन्हे मोजते, आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने स्ट्रलेनचे उत्तर १८ येते. जागा मात्र १९ बाइट लागते. रोमन लिपीत हेच नाव ७ बाइटांत मावते.

घात असा की १८ बाइट मागूनही ‘नागपूर’ बहुधा नीट छापले जाते, कारण ६४-बिट लिनक्सवरील ग्लिबसी ही लायब्ररी तेवढ्या मागणीला वापरण्याजोगे २४ बाइट देते आणि शेवटचे शून्य त्या शिलकीत सामावते. त्याच प्रोग्रामला ‘चंद्रपूर’ दिले की अनुस्वार, हलंत आणि ऊकार धरून ८ चिन्हांचे २४ बाइट पुरते भरतात, शून्य पंचविसाव्या जागी, म्हणजे शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर, लिहिले जाते, आणि प्रोग्राम कोसळतो तो बहुतेकदा पुढे कधीतरी, एखाद्या निर्दोष मॅलॉकपाशी किंवा मेमरी परत करणाऱ्या फ्रीपाशी. अशा वेळी फ्रीची ओळ काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने दोष केवळ झाकला जातो.

ठरावीक मर्यादेपर्यंतच मजकूर नकलणाऱ्या स्ट्रएनकॉपीमुळे आपोआप सुरक्षितता येते, हा समजही सोडावा. मजकूर मर्यादेइतका किंवा त्याहून मोठा असल्यास ते फंक्शन शेवटचे शून्य लिहीतच नाही, आणि मर्यादा एखाद्या चिन्हाच्या ३ बाइटांच्या मधोमध पडली तर ते चिन्हही तुटते.

अभ्यासकांनी जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमधील ॲड्रेस सॅनिटायझर सुरू ठेवून आपले प्रोग्राम देवनागरी नावांवर अवश्य तपासावेत. १८ बाइटांच्या जागेत एकोणिसावा बाइट लिहिला जाताच हा सॅनिटायझर प्रोग्राम थांबवतो आणि, डिबग माहिती असल्यास, नेमकी दोषी ओळ दाखवतो.