जवळा बाजारमध्ये बदलतं चित्रप्रदर्शन: जागा, कागदपत्रं आणि खरा खर्च

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारसारख्या गावात दर दोन महिन्यांनी बदलणारं चित्रप्रदर्शन सुरू करायचं असेल, तर आधी फ्रेमचं माप ठरवा. जागा त्यानंतर, उद्घाटक त्याहून नंतर. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, म्हणून पहिल्याच प्रदर्शनात पैसे संपतात आणि दुसरं कधी भरतच नाही.

माप सांगतो: १६ बाय २० इंच. ए-३ कागद त्यात माउंटसह, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसह, बसतो. शाळेतली मुलं वापरतात तो ११ बाय १५ इंचांचा ड्रॉइंग पेपरही बसतो, फक्त माउंटची खिडकी वेगळी कापावी लागते. दोन्ही मापांची माउंट एकदाच करून ठेवा. अशा १५ फ्रेम असल्या की एक खोली भरते. पुढच्या वेळी फ्रेम त्याच, चित्रं नवी.

फ्रेमवाले पट्टीचा भाव फुटावर सांगतात. १६ बाय २० च्या एका फ्रेमला ६ फूट पट्टी लागते, १५ फ्रेमना ९० फूट. काच आणि मागचा बोर्ड चौरस फुटावर; एका फ्रेमला सव्वादोन, पंधरांना साधारण ३४ चौरस फूट. आता हिशेबापुरते भाव धरू, तुम्ही तुमच्या दुकानाचे टाका: पट्टी ५० रुपये फूट म्हणजे ४,५००, काच ६० रुपये म्हणजे २,०४०, बोर्ड २५ रुपये म्हणजे ८५०, माउंट आणि मजुरी फ्रेममागे १०० म्हणजे १,५००. एकूण ८,८९०. वर्षात सहा प्रदर्शनं केलीत तर एकाच्या वाट्याला दीड हजारही येत नाहीत. दर वेळी चित्रकाराच्या मापाने नव्या फ्रेम केल्यात तर याच भावाने वर्षाला ५० हजारांच्या पुढे जाल.

परभणी, वसमत, हिंगोली, जिथे जाल तिथे दुकानात चार गोष्टी आधी विचारा. पट्टी कापताना होणारी घट कोण भरणार? भावात काच धरली आहे का? माउंट एकेरी की दुहेरी? टांगायच्या कड्यांचे वेगळे पैसे आहेत का? फ्रेम मागून खिळे ठोकून बंद करू देऊ नका. बोटाने फिरवून उघडता येणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या लावून मागा, नाहीतर चित्र बदलायला दर वेळी दुकान गाठावं लागेल. माउंट वगळून पैसे वाचवू नका. माउंटमुळे कागद आणि काच यांच्यात फट राहते. ती नसेल तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. चित्रं गावोगाव फिरवणार असाल तर काचेऐवजी अॅक्रिलिक शीट विचारा: महाग, चरे पडतात, पण हलकी आणि फुटत नाही.

जागा. पहिला दरवाजा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा. तिथे रोज वाचक येतात, दार उघडायला माणूस असतो, म्हणजे राखणदाराचा खर्च वाचतो. संस्थेच्या अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या नावाने अर्ज द्या. दुसरा दरवाजा शाळेचा: जिल्हा परिषदेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांची लेखी संमती घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षेचा काळ टाळा. ग्रामपंचायतीचं सभागृह हवं असेल तर विषय मासिक सभेत यावा लागतो. म्हणून अर्ज किमान एक महिना आधी, आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. भाडं आकारलं तर छापील पावती मागा. मंगल कार्यालय शेवटी. लग्नसराईत तारीख मिळणार नाही, आणि इतर वेळी मिळाली तरी ‘एक दिवस’ म्हणजे किती तास, सफाई, अनामत, जनरेटर हे सगळं वेगळं निघतं.

अर्ज साध्या कागदावर चालतो. प्रदर्शनाचा हेतू, तारखा, वेळा, भिंतीवर काय लावणार, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन एवढं लिहा. ओळखपत्राची प्रत मागितली तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. भिंतीला खिळे ठोकणार नाही, हे स्वतःहून लिहा. परवानगी लवकर मिळते. वरच्या बाजूला एक आडवा पाइप किंवा जाड तार लावून घ्या, त्यावरून हुकने चित्रं सोडा. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा; लहान मुलांचं प्रदर्शन असेल तर बिनधास्त खाली आणा.

विजेच्या नावाखाली सरसकट आकार लावला जातो, तिथे थांबा. ९ वॉटचे दहा एलईडी दिवे रोज सहा तास जळले तर दिवसाला अर्धं युनिट, दोन महिन्यांत ३२ युनिट. मीटरचं रीडिंग सुरुवातीला आणि शेवटी लिहून घ्या आणि तेवढेच पैसे द्या. मंडपवाल्याचे हॅलोजन मात्र नको. ५०० वॉटचे चार लावलेत तर सहा तासांत १२ युनिट, शिवाय उष्णतेने कागद वाकतो. जलरंगाच्या चित्रांसाठी संग्रहालयं सुमारे ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. आपल्याकडे तेवढी मोजमापं शक्य नाहीत, पण पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावणं शक्य आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते न टळणारं काम आहे. रंग कमी उडतो, हा दोन महिन्यांनी चित्रं उतरवण्याचा आणखी एक फायदा.

उद्घाटनाबद्दल स्पष्ट सांगतो. मंडप, ध्वनिक्षेपक, बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, नाश्ता: यातला एक रुपयाही चित्रापर्यंत पोचत नाही. पहिल्या वर्षी हे सगळं टाळा. आठवडी बाजाराच्या दिवशी दार उघडा ठेवा, बाहेर एक फळा ठेवा, शाळेच्या एकेका वर्गाला वेळ द्या. प्रेक्षक येतात. प्रवेश फुकट ठेवा. तिकीट लावलंत की हिशेब ठेवायला माणूस लागतो आणि उत्पन्न त्याच्या चहापाण्यात जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित कागद: ताबा पावती. चित्रकाराकडून चित्र घेताना दोन प्रती करा. चित्राचं नाव, माप, माध्यम, आधीपासूनचे डाग-चिरा, किंमत, कधी घेतलं, कधी परत देणार, मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार. दोघांच्या सह्या, आणि चित्राचा पुढून-मागून फोटो. याला बाँड पेपर लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांच्या स्टॅम्पच्या जागी किमान ५०० रुपयांचा घ्यावा लागतो, तेव्हा कुणी ‘बाँडवर करा’ म्हणालं तर कशासाठी ते आधी विचारा.

विक्री होणार असेल तर दलालीचा आकडा चित्र टांगण्याआधी ठरवा. गावातल्या दालनाने खर्चापुरता छोटा हिस्सा घ्यावा, असं माझं मत. शहरातल्या खासगी गॅलरीत चित्र देणार असाल तर हा हिशेब करून बघा: चित्र १०,००० चं, दलाली ३० टक्के म्हणजे ३,०००, गॅलरी जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के म्हणजे ५४०. तुमच्या हातात ६,४६०. फ्रेम, नेणं-आणणं अजून वजा व्हायचंय. म्हणून ‘दलाली करासह की करावेगळी’ हा प्रश्न विचाराच.

हाताने काढलेल्या चित्रावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण फक्त वस्तू विकणाऱ्याला, राज्यातल्या राज्यात, वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे गावातला चित्रकार सहसा जीएसटी लावूच शकत नाही. बिलात कर दिसला तर १५ अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. यूपीआयने बँक खात्यातून पैसे घेतले तर विकणाऱ्याला शुल्क नाही, पण बोलणाऱ्या स्पीकरचं महिन्याचं भाडं कापलं जाऊ शकतं. दोन महिन्यांत चार चित्रं विकणाऱ्याला तो स्पीकर लागत नाही.

चित्र विकलं म्हणजे छपाईचे हक्क विकले असं होत नाही. कॉपीराइट द्यायचा तर लेखी सही लागते, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. अपवाद लक्षात ठेवा: कुणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नाही, तर पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा. दालनाच्या अर्जात ‘चित्राचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य असेल तर ते खोडून सही करा.

प्रदर्शन गावात जम धरायला लागलं की फोनवर संदेश यायला लागतील: ‘आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे.’ अर्ज न करता निवड होत नसते. सहभाग शुल्क, मग कॅटलॉगचे, मग ट्रॉफीचे, मग चित्र परत पाठवायचे, असे टप्प्याटप्प्याने पैसे मागतात. भिंतीवर किती फूट जागा, किती दिवस, कोणत्या सभागृहात, हे लेखी मिळेपर्यंत काही भरू नका, आणि त्या सभागृहाला स्वतः फोन करून तारीख तपासा. मुंबईच्या जहांगीर कलादालनात, जे १९५२ पासून आहे, रीतसर अर्ज आणि निवड असते आणि प्रतीक्षा वर्षांची. तिथली तारीख आठ दिवसांत मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. कला संचालनालयाची जाहिरात निघाली की अर्ज थेट करा, मध्ये कुणी लागत नाही.

पालकांनी एक गोष्ट पक्की धरावी. प्रदर्शनातल्या सहभागाच्या प्रमाणपत्राला दहावीत गुण मिळत नाहीत. चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात ते शासकीय रेखाकला परीक्षेतून: इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर ७, ब ला ५, क ला ३. त्याआधी एलिमेंटरी उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणून ‘गुण मिळतील’ सांगून कुणी मुलामागे प्रमाणपत्राचे पैसे मागितले तर देऊ नका.

चित्रं आणायला, द्यायला एसटीने जाणार असाल तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे फुकट. फ्रेमसकट नेऊ नका. चित्रं सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर. सामानाचा आकारही लागत नाही आणि काच फुटायची भीती नाही.

उतरवण्याचा दिवस लावण्याच्याच दिवशी जाहीर करा. ताबा पावतीवर लिहा की तारखेनंतर १५ दिवसांत चित्र न्यावं, त्यापुढे फोन करून पोचवण्याचा खर्च चित्रकाराचा. परत देताना पावतीच्या दोन्ही प्रतींवर ‘चित्र सुस्थितीत मिळालं’ आणि सही घ्या. मग फ्रेमच्या काचा पुसा, मागे क्रमांक घाला, आणि जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता उभ्या ठेवा. ओल भिंतीतूनच चढते.