जांघेतील अवधाण आणि शरीराचा पहिला पहारा

वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. अनवाणी खेळताना पायात बाभळीचा काटा मोडतो, दुसऱ्या दिवशी पाय सुजतो, मग जांघेत गाठ येते आणि अंग कणकणू लागते. वडीलधारी मंडळी म्हणतात, 'अवधाण आले.' कोणी काट्याच्या जागी बिब्ब्याचा चटका देतो, कोणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो. काटा तळपायात आणि गाठ जांघेत, हे कसे, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि या प्रश्नाच्या उत्तराला इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यामुंबईपर्यंत येतो, म्हणून हे लेखन.

इ. स. १८८२. इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. अन्नकण गिळणाऱ्या फिरत्या पेशी शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूवरही चालून जात असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचे बारीक काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! या भक्षक पेशी रोगजंतूंना गिळतात, हा त्यांचा सिद्धांत अनेक जर्मन पंडितांना मान्य नव्हता. खरे संरक्षण रक्तद्रवात असते, असे त्यांचे म्हणणे. वाद कित्येक वर्षे चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पाउल एर्लिश यांना विभागून मिळाले. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पाहा. मेचनिकॉव्ह यांनी काटा टोचून नेमके तेच केले.

परंतु एक प्रश्न शिल्लक राहिला. परका कोण, हे या पेशींना कळते कसे? १९८९ साली अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी तर्क मांडला की, जंतूंच्या अंगावर असतात पण आपल्या शरीरात कधीच नसतात अशा काही खुणा या पेशी ओळखत असाव्यात. १९९६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, 'टोल' नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांना उंदरांत त्याच कुळातील ग्राहक सापडला. जिवाणूंच्या बाह्य आवरणातील स्निग्धयुक्त पदार्थ तो ओळखतो. माणसात असे दहा ग्राहक आहेत. कोणी जिवाणूच्या शेपटीतील प्रथिन ओळखतो, कोणी विषाणूचे आरएनए. ही ओळख शिकावी लागत नाही, ती जन्मजात असते. आणि ती जंतूंच्या खुणांची असते, माणसांची नव्हे. ज्या समाजाने शतकानुशतके माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानले, त्याच्या त्वचेखालीही हेच ग्राहक पहारा देत होते, हे जाता जाता नमूद करतो.

आता आपल्या काट्याकडे वळू. त्वचेखालील भक्षक पेशींना खूण पटताच त्या रासायनिक संदेश सोडतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल व उष्ण होते. वाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज येते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेते. काही संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू शरीराचे तापमान वाढवितो. पायातील लसीका जांघेतील ग्रंथींतून गाळली जाते. तेथे काम वाढले की ग्रंथी फुगते. हेच अवधाण. म्हणजे गाठ, सूज आणि ताप ही शरीराच्या झुंजीची चिन्हे होत. बिब्ब्याने मात्र त्वचा भाजते आणि जंतूंना नवी वाट मिळते. या पहाऱ्यालाही मर्यादा आहेत. धनुर्वाताचे विष तो थोपवू शकत नाही; त्यासाठी लसच हवी. कधी झुंज इतकी पेटते की शरीराचीच हानी होते. जखमेपासून लाल रेघ वर चढू लागली, मूल गुंगीत गेले किंवा श्वास जलद झाला, तर पालकांनी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि पहारेकऱ्याला खूणच पटली नाही तर? प्लेगचा जिवाणू नेमका हाच डाव खेळतो. पिसवेच्या शरीरातून तो माणसाच्या उबदार शरीरात येतो, तेव्हा आपल्या आवरणातील त्या स्निग्ध पदार्थाची घडण बदलतो. आपला ग्राहक त्याला नीट ओळखत नाही. पहारा जागा होईपर्यंत जिवाणू ग्रंथीत पोहोचून बेसुमार वाढलेला असतो. त्या काळी लोक याला गाठीचा रोग म्हणत. जागा तीच, जांघ किंवा काख. पण अवधाणाच्या गाठीत पहारा वेळेवर पोहोचलेला असतो, प्लेगच्या गाठीत तो उशिरा जागा झालेला असतो. प्लेगला कोणी देवीचा कोप म्हणत होते, कोणी पापाचे फळ. त्याच साथीत सावित्रीमाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले, असे चरित्रकार सांगतात. सेवा करतानाच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यांचे सारे आयुष्य निष्कलंक, त्यांनाही त्या जिवाणूने सोडले नाही. कारण त्याला पाप-पुण्य कळत नाही.

त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. हे हाफकिन ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांचेच विद्यार्थी. त्यांची लस म्हणजे उष्णतेने मारलेले प्लेगचे जिवाणू. पहिल्या पहाऱ्याला जे सहज ओळखता येत नाही, ते शरीराच्या दुसऱ्या, शिकणाऱ्या फळीला आधीच ओळखीचे करून द्यायचे, हे लसीचे काम. ही फळी तयार व्हायला दिवस लागतात, पण एकदा शिकलेले ती स्मरणात ठेवते.

हे दोन दिनांक आम्ही वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारते, मग सावित्रीमाईंना ती लस का मिळाली नाही? आम्ही सांगतो, १८९७ च्या आरंभी हाफकिन यांच्यापाशी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी जागा आणि मोजके मदतनीस होते. परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा गेली ती १८९९ साली.