पाचव्या रकान्यातला विषय

अगं, सगळ्यात आधी हे ऐक: बायोमेडिकल सायन्सची पदवी घेऊन तू डॉक्टर होणार नाहीस. मावशी चार नातेवाइकांना ‘आमची मेडिकलला चाललीय इंग्लंडला’ असं सांगत असेल, तर तिला आजच थांबव. इथली काही विद्यापीठं बायोमेडिकलच्या मोजक्या मुलांना मेडिसिनकडे वळू देतात, पदवीनंतर करायचा चार वर्षांचा मेडिसिनचा कोर्सही आहे. पण त्या जागा इतक्या थोड्या, आणि परदेशी मुलांना त्याहून थोड्या, की त्यांच्या भरवशावर काकांनी कर्ज काढू नये. आणि भारतात परत येऊन एमबीबीएस करायचं म्हटलंस, तर नीट द्यावीच लागेल.

मग आम्ही करतो तरी काय? छातीत कळ आली म्हणून माणूस इमर्जन्सीत येतो, तेव्हा त्याच्या रक्तातलं ट्रोपोनिन मोजणारे आम्ही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसतो, तेव्हा क्रॉसमॅच करून रक्ताच्या पिशव्या वर पाठवणारे आम्ही. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टपुढे ठेवायचे, हेही आमचंच काम. रुग्णाला आमचं तोंड दिसत नाही. वॉर्डात कुणी हात धरून ‘डॉक्टर, देवासारख्या धावून आलात’ म्हणणार नाही. तुला ते हवं असेल तर त्यात काही चूक नाही, पण मग हा विषय घेऊ नकोस. मला स्वतःला रात्रपाळीत एखादा न जुळणारा आकडा दिसला की तो का जुळत नाही हे शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तुझ्यातही तीच खोड आहे हे मी तुला लहानपणापासून बघतेय. म्हणून तर एवढं लिहितेय.

आता अर्जाकडे येऊ. इथे युकास नावाची एकच व्यवस्था आहे: एक अर्ज, त्यात पाच पर्याय. मेडिसिनला त्यातले चारच देता येतात. त्यामुळे डॉक्टर व्हायला निघालेली हजारो मुलं पाचव्या रकान्यात ‘बायोमेडिकल सायन्स’ लिहून मोकळी होतात. पाचही ठिकाणी अर्जासोबतचं वैयक्तिक निवेदन एकच जातं, आणि त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्टेथोस्कोप, रुग्णसेवा आणि आजोबांचं आजारपण. तू तसं लिहू नकोस. वाचणारा प्राध्यापक आयुष्यभर पेशी आणि प्रथिनं बघत आलेला असतो. आपला विषय कुणाच्या तरी दुसऱ्या पसंतीचा आहे, हे त्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं. तुझे पाचही पर्याय बायोमेडिकलचेच असू देत.

निवेदन लिहायची पद्धत २०२६च्या प्रवेशांपासून बदलली आहे. पूर्वी सलग एक निबंध असायचा, आता तीन प्रश्न असतात: हा विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शाळा-कॉलेजबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून; प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. आणि कुणाचं तयार निवेदन उचलायचं मनातही आणू नकोस. युकासचं सॉफ्टवेअर प्रत्येक निवेदन जुन्या निवेदनांशी ताडून बघतं. २००७मध्ये अशाच तपासणीत २३४ अर्जांत एकच किस्सा सापडला होता: आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनांच्या खेळण्याने पायजम्याला भोकं पडली, आणि तिथून म्हणे विज्ञानाची ओढ लागली!

तुला किस्से उसने घ्यायची गरजच नाही, तुझ्या आजूबाजूला इतकं आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रक्तगटाचा शोध लावला. जगभर तो ‘बॉम्बे’ या नावानेच ओळखला जातो, आणि इथल्या माझ्या प्रयोगशाळेतल्या ब्रिटिश मुलांनीही तो याच नावाने शिकलेला असतो. आता विचार कर, या गटाच्या माणसाचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ का दिसतं? कारण त्याच्या तांबड्या पेशींवर ए नाही आणि बी नाही, म्हणून अँटी-ए आणि अँटी-बी घातलं तरी गुठळ्या होत नाहीत. पण ए आणि बी ज्याच्यावर बांधले जातात तो पाया, एच अँटिजेन, तोच त्याच्याकडे नसतो. ओ गटाच्या माणसाकडे तो भरपूर असतो. म्हणून बॉम्बे गटाच्या माणसाच्या सीरममध्ये एच-विरुद्ध प्रतिपिंडं असतात, आणि त्याला ओ रक्त दिलं तर ते जीवघेणं ठरू शकतं. हे पकडायचं कसं? त्याचं सीरम ओ गटाच्या पेशींबरोबर मिसळून बघायचं. खऱ्या ओ माणसात काही होत नाही, याच्यात गुठळ्या होतात. ‘दिसतंय ते ओ आहे का खरंच?’ हा प्रश्न तुला कसा पडला आणि तू तो कुठवर नेलास, एवढं जरी पहिल्या उत्तरात आलं, तरी तुझा अर्ज ढिगातून वर येईल. अर्थात हेच उदाहरण घे असं नाही. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या तपासणीत आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अशा दोन पायऱ्या का लागतात, हेही तितकंच मोठं आहे. तुला जे खरंच कुरतडतं ते घे.

तिसऱ्या प्रश्नासाठी मुलं उगाच पैसे भरून ‘इंटर्नशिप’ची सर्टिफिकेटं गोळा करतात. तू तुमच्या चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जा आणि तिथल्या टेक्निशियन काकांना आठवडाभर सकाळी बाजूला उभी राहू का म्हणून विचार. कशाला हात लावू नकोस, रुग्णांची नावं कुठेही उतरवू नकोस, फक्त बघ आणि विचार. जांभळ्या टोपणाची नळी सगळ्यात आधी का भरत नाहीत, हे विचार त्यांना. तिच्यात पोटॅशियमचं ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. पण त्याचा अंश जरी दुसऱ्या नळीत गेला तरी रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. चांगल्याभल्या माणसाला त्यापायी दाखल करतील. असं एक निरीक्षण दहा सर्टिफिकेटांना भारी पडतं.

लिहिताना पहिला मसुदा मराठीत लिही, मला बोलून दाखवतेस तसा. इंग्रजी नंतर बघू. इंग्रजीत सुरुवात केलीस की ‘पॅशनेट’ आणि ‘फॅसिनेटिंग’ या दोन शब्दांतच सगळी अक्षरं संपतात.

आता विद्यापीठ कसं निवडायचं. याबाबतीत मी जरा हट्टी आहे. क्रमवारीची यादी बाजूला ठेव आणि कोर्सच्या पानावर आयबीएमएसची, म्हणजे आमच्या व्यवसायाच्या संस्थेची, मान्यता आहे का ते आधी बघ. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ ही उपाधीच कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. त्या नोंदणीसाठी बहुतेक जण मान्यताप्राप्त पदवी घेतात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काम शिकून पोर्टफोलिओ पूर्ण करतात. काही फार नावाजलेल्या विद्यापीठांच्या बायोमेडिकलला ही मान्यता नसते, कारण त्यांचा रोख संशोधनावर असतो. पीएचडी करायची असेल तर तिथेच जा, बिनधास्त. पण हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत यायचं असेल तर मान्यता नसलेल्या पदवीनंतर राहिलेले विषय वेगळे भरून काढावे लागतात, आणि त्यात पुन्हा पैसा आणि वेळ जातो. हॉस्पिटलमधल्या प्लेसमेंटचं वर्ष आहे का, त्याच्या जागा किती, आणि परदेशी विद्यार्थ्यांना त्या खरोखर मिळतात का, हे प्रवेश विभागाला ईमेल करून सरळ विचार. गुळमुळीत उत्तर आलं तर तेही उत्तरच समज.

टक्क्यांचं एक ध्यानात ठेव. बरीच विद्यापीठं सीबीएसईला एक अट लावतात आणि आपल्या एचएससीसारख्या राज्य बोर्डांना त्याहून चढी. पान नीट वाच. बारावीच्या इंग्रजीचे गुण चालत असतील तर आयईएलटीएसचा खर्च वाचतो, तेही तिथेच कळेल. शिफारसपत्र आणि अपेक्षित गुण कॉलेजकडून लागतात. तुम्ही सगळ्या क्लासलाच जास्त जाता, कॉलेजातल्या मॅडमना तुझं नाव तरी माहीत आहे का? नसेल तर उद्यापासून प्रॅक्टिकल चुकवू नकोस.

त्या गावातल्या एजंटकडे काका जाऊन आले म्हणे. एजंटला बहुधा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्याची यादी आणि तुझी यादी एक असेलच असं नाही. युकासचा अर्ज स्वतः भरता येतो, मी सोबत बसेन. पैशांबद्दल मात्र काकांशी मोकळेपणाने बोल, लाजू नकोस: फी, राहण्याचा खर्च, व्हिसाबरोबर भरायचा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार, आणि बँकेत सलग २८ दिवस दाखवावी लागणारी रक्कम. शिवाय परत यायचं ठरलं तर काय, हेही आत्ताच बोला. आपल्याकडे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणजे या पदवीवर स्वतःची लॅब काढून स्वतःच सही करणं जमणार नाही. संशोधन, रोगनिदानाचे किट बनवणाऱ्या कंपन्या, औषधांच्या चाचण्या, या वाटा आहेत, आणि चांगल्या आहेत.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बाकीच्यांची जानेवारीत. नेमकी तारीख युकासवर बघून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने लिही, आणि जानेवारीत इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तुझ्याकडचे रात्रीचे साडेअकरा, हेही तिथेच लिही. या आठवड्यात लॅबवाल्या काकांना भेट, मॅडमना शिफारसपत्राचं विचार, आणि पहिल्या प्रश्नाचं मराठी उत्तर मला रविवारी पाठव. अक्षरं मोजू नकोस, मी कापेन.