घर विकत, जागा भाड्याने: असा व्यवहार करावा का?

प्रश्न: आम्ही नांदुऱ्याला भाड्याच्या घरात राहतो. निवृत्तीचे थोडे पैसे हाताशी आहेत. गावाबाहेर एका शेतात दहा-बारा तयार केबिन मांडल्या आहेत. ४० फूट लांब, ८ फूट रुंद, आत खोली, ओटा, संडास-बाथरूम सगळे तयार. किंमत सात लाख. जागा मात्र मालकाचीच राहणार आणि तिचे महिन्याला दोन हजार भाडे द्यायचे. ''हे बांधकामच नाही, तर परवानगी कसली? आणि पटले नाही तर घर उचलून न्या,'' असे मालक सांगतात. अमेरिकेत भाचा राहतो तिकडे पुष्कळ लोक अशाच घरांत राहतात म्हणे. घ्यावे का?

उत्तर: तुमचा प्रश्न एका घराचा वाटतो, पण त्यात व्यवहार दोन आहेत. केबिन तुम्ही विकत घेणार, जागा भाड्याने घेणार. मालकाचे सगळे बोलणे पहिल्या व्यवहाराविषयी आहे. तुमचे बरे-वाईट ठरणार आहे ते दुसऱ्यावर.

आधी किमतीचेच पाहू. ४० बाय ८ म्हणजे ३२० चौरस फूट. सात लाखांना भागले तर चौरस फुटाला जवळजवळ २,१९० रुपये पडतात. नांदुऱ्यातल्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा, साधे विटा-सिमेंटचे स्लॅबचे घर याच दराच्या आसपास बांधून होते. म्हणजे केबिन स्वस्त नाही. ती स्वस्त दिसते, कारण सात लाखांत जमीन नाही. आणि वर्षे जातील तशी किंमत वाढते ती जमिनीची. पत्रा, प्लाय, वायरिंग यांची किंमत उतरतच जाते.

आता अमेरिकेचे. तुमच्या भाच्याने सांगितले ते खरे आहे. तिकडे सुमारे दोन कोटी लोक कारखान्यात तयार झालेल्या अशा घरांत राहतात. १५ जून १९७६ पासून ही घरे कशी बांधावीत याचे संपूर्ण देशासाठी एकच सरकारी मानक आहे. त्यातली बरीच घरे 'ट्रेलर पार्क'मध्ये असतात. घर रहिवाशाचे, खालची जागा पार्कच्या मालकाची, तिचे दरमहा भाडे. नाव फिरत्या घराचे असले तरी एकदा जागेवर बसले की ते सहसा हलत नाही, कारण हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुने घर दुसरा पार्क घेईलच असे नाही. त्यामुळे मालकाने जागेचे भाडे वाढवले की रहिवासी अडकतो. भाडे द्या, नाहीतर घर मिळेल त्या भावात विका, एवढेच हातात उरते. अनेक राज्यांत अशा घराचा मालकीचा कागद मोटारगाडीसारखा वाहन खात्याकडून मिळतो, आणि जमीन सोबत नसली की किंमतही अनेकदा घसरते. यावरचा सगळ्यांत चांगला उपाय रहिवाशांनीच काढला. न्यू हॅम्पशायर राज्यात १९८४ साली एका पार्कातल्या रहिवाशांनी सहकारी संस्था करून खालची जमीनच विकत घेतली, आणि पुढे ती वाट अनेकांनी धरली. ज्या देशात हा प्रकार वाढला, तिथल्या लोकांनाही शेवटी जमीन हाती हवी असे वाटले, एवढे लक्षात ठेवा. तिथे काही राज्यांत पार्कच्या रहिवाशांसाठी वेगळे कायदे तरी आहेत. आपल्याकडे अशा पार्कांसाठी वेगळा कायदा नाही.

'बांधकामच नाही, तर परवानगी कसली' हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कोणत्याही साहित्याने, कोणत्याही कारणासाठी उभारलेली रचना इमारतच मानली आहे. वीट-सिमेंट वापरले नाही म्हणून सुटका होत नाही. लग्नाचा मांडव किंवा शामियाना तेवढा वगळला आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा जमिनीच्या वापराचा. शेतात शेतीच्या कामासाठी कोठा-गोठा चालतो, पण दहा-बारा कुटुंबांची वस्ती हा शेतीचा वापर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ प्रमाणे जमीन अकृषिक, म्हणजे आपण बोलतो तशी 'एनए', करून घ्यावी लागते. न केल्यास कलम ४५ खाली दंड होतो आणि वापर बंद करण्याचा आदेशही निघू शकतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड मुळे हे काम सोपे झाले आहे, पण तिथेही ठरलेली रक्कम भरल्याशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. मालकाला सरळ विचारा, 'एनए'चा आदेश किंवा सनद कुठे आहे? कागद पुढे आला तर बोलणी चालू ठेवा.

मालक बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती दाखवतील. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात यावर लोकांचा फार भरवसा आहे. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढेच ती सांगते. जमिनीवरचा हक्क त्यातून सिद्ध होत नाही आणि वापर कायदेशीरही ठरत नाही.

आता खरी गाठ, जागेच्या भाड्याची. बहुतेक ठिकाणी पाचशेच्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार नोटरीकडे होतो आणि तोंडी सांगतात, ''काका, काळजी करू नका, दरवर्षी वाढवून देऊ.'' मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाच पाहिजे. तसा तो नसेल आणि दुसरे काही ठरलेले नसेल, तर राहण्यासाठी दिलेल्या जागेचा पट्टा महिन्या-महिन्याचा समजला जातो. तो संपवायला १५ दिवसांची नोटीस पुरते. सात लाखांचे घर आणि त्याच्या पायाखाली १५ दिवसांची नोटीस, असा हा व्यवहार आहे. भाडेकरूला संरक्षण देणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ इथे कामी येईल असे समजू नका. तो इमारतींच्या भाड्यासाठी आहे, मोकळ्या जागेसाठी नाही. आजचे मालक चांगले असतील, मी नाही म्हणत नाही. पण उद्या ते नसले, तीन भावांत वाटणी झाली, एकाने आपला हिस्सा विकला, तर त्यांच्या तोंडी शब्दाला त्या नव्या मालकाकडे काहीच वजन नाही.

'पटले नाही तर उचलून न्या' हे मात्र कायद्याला धरून आहे. त्याच १८८२ च्या अधिनियमात कलम १०८ खाली पट्टेदाराला, जागा ताब्यात असेपर्यंत, आपण उभारलेली वस्तू काढून नेता येते. जागा पूर्ववत करून द्यावी लागते, एवढेच. अडचण कायद्याची नाही, व्यवहाराची आहे. तुमच्या केबिनच्याच मापाचा ४० फुटी रिकामा मालवाहू कंटेनर पावणेचार टनांच्या आसपास भरतो. आतले सामान, भिंतींचे अस्तर, फरशी धरून वजन आणखी वाढते. त्याला क्रेन हवी, लांब ट्रेलर हवा आणि ट्रेलर वळेल असा रस्ता हवा. आपल्याकडच्या शेतरस्त्यांवर पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तिथे क्रेन जाणार कशी? आणि सगळ्यांत आधी, उचलून न्यायचे कुठे? त्यासाठी दुसरी जागा लागेलच. शिवाय खालचा ओटा, सेप्टिक टँक, बोअर, नळाची लाइन यांवर तुम्ही केलेला खर्च तिथेच राहील.

याच ठिकाणी नांदुऱ्याच्या जमिनीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण जाहिरातीत हे कधी नसते. घाटावरचे बुलढाणा, चिखली वेगळे आणि घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद वेगळे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोलवर आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. वरवर मुरूम टाकून, चार सिमेंटचे ठोकळे मांडून त्यांवर केबिन ठेवली, तर दोन पावसाळ्यांत एखादा ठोकळा खचतो. पहिली खूण दारात दिसते. कालपर्यंत सहज लागणारे दार एका कोपऱ्यात घासू लागते, मग कडी जुळत नाही, मग खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपते. केबिन पाहायला जाल तेव्हा त्या शेतातली सगळ्यांत जुनी केबिन पाहा आणि तिची सगळी दारे-खिडक्या स्वतः उघडून लावून पाहा. ठोकळ्यांखाली काळी माती काढून मुरूम किती खोल भरला आहे, हेही विचारा. नदी-नाल्याजवळ असेल तर पुराची पातळी विचारा. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने काय केले, हे तुम्हाला माहीत आहेच.

दुसरे, ऊन. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. आपल्या आजोबांची धाब्याची घरे जाड मातीच्या भिंती आणि छतामुळे दुपारी गार राहत. लोखंडी पत्र्याची पेटी त्याच्या अगदी उलट वागते. भिंतीत उष्णता अडवणारा पफचा (फोमचा) थर आहे का, किती जाडीचा आहे आणि छपरावर वेगळी सावली केली आहे का, हे पाहा. शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता पंखा लावून अर्धा तास आत बसा. तिसरे, पाणी. घाटाखालच्या खारपाण पट्ट्यात बोअरचे पाणी खारे लागते, आणि खाऱ्या पाण्याने लोखंड लवकर गंजते. प्यायला पाणी कुठून येणार, याचे उत्तर 'बोअर आहे' एवढेच मिळाले तर ते पुरेसे नाही.

हिशेबही एकदा मांडू. महिना दोन हजार भाडे आणि दरवर्षी दहा टक्के वाढ धरली, तर दहाव्या वर्षी भाडे महिना ४,७०० च्या पुढे जाते. दहा वर्षांत एकूण सुमारे ३ लाख ८२ हजार रुपये जागेपोटी जातात. सात लाखांत हे मिळवले तर जवळजवळ अकरा लाख होतात, आणि हातात उरते ती दहा वर्षे जुनी केबिन. तिला गिऱ्हाईक मिळणे मालकाच्या मर्जीवर, कारण नव्या माणसाला जागा द्यायची की नाही हे तेच ठरवणार. बँक यावर गृहकर्ज देणार नाही, कारण तारण ठेवायला जमीन नाही. व्यक्तिगत कर्ज मिळेल, पण त्याचा व्याजदर चढा असतो.

याचा अर्थ दुसऱ्याच्या जागेवरचे घर वाईटच, असा नाही. आपल्या विदर्भात नझूलच्या जागांवर पिढ्यान् पिढ्या घरे उभी आहेत. जमीन सरकारची, घर लोकांचे. पण तिथे पट्टा लेखी आहे, सहसा ३० वर्षांचा, त्याचे नूतनीकरण होते, आणि नागपूर व अमरावती विभागांतील नझूल पट्टे मालकीचे करून घेण्यासाठी सरकारने विशेष अभय योजनाही आणली. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागातच येतो. फरक पडतो तो मुदतीने आणि नोंदणीने. तुमचे मालक एनए जमिनीवर, निदान वीस-तीस वर्षांचा, भाडेवाढीचे प्रमाण लिहिलेला आणि वारसांना बांधील असलेला नोंदणीकृत पट्टा करून देत असतील, तर विचार करण्यासारखे आहे. तुमचा स्वतःचा गावठाणातला किंवा एनए प्लॉट असेल, तर तयार केबिन बसवायला माझी काहीच हरकत नाही. परवानगी घ्या आणि पाया नीट करा.

नसेल, तर माझे मत ऐका. सात लाखांतून आधी लहानसा प्लॉट घ्या, घर हळूहळू बांधा. इथेही एक जपा. शेतातले दोन-तीन गुंठे तोडून घेऊ नका. तुकडेबंदी कायद्यात २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. शहरालगतच्या जमिनींसाठी अलीकडे सवलती आल्या आहेत, पण तुमचा गट त्यात बसतो का हे तलाठी कार्यालयात विचारूनच ठरवा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या ले-आउटमधला प्लॉट असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. आणि त्या शेतात केबिन घ्यायला निघालेली दहा-बारा कुटुंबे खरोखर असतील, तर एकदा त्यांच्याशी बोला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्था स्थापून एनए जमीन मिळून घेता येते. मग केबिन ठेवा की विटांचे घर बांधा, तुम्हाला उठवायला कोणी येणार नाही.

आता उद्या सकाळी काय करायचे ते सांगतो. त्या शेताचा गट नंबर घेऊन महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढा. मालकाचे नाव तेच आहे का, जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की हस्तांतरणावर बंधने असलेली वर्ग २, हे पाहा. मग 'इतर हक्क' या रकान्यात पीककर्जाचा बोजा, कुळाची किंवा वादाची नोंद आहे का ते वाचा. मालकाकडून एनएचा आदेश आणि कराराचा मसुदा मागून घ्या आणि तिन्ही कागद दिवाणी कामे पाहणाऱ्या वकिलाला दाखवा. त्याची फी काही हजारांत असेल. ती द्या. वकील 'हो' म्हणेपर्यंत इसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.