पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळताना

एलएम ३१७, चार डायोड आणि एक मोठा कपॅसिटर एवढं सामान कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. सव्वा ते पंधरा व्होल्ट फिरवता येणारा आणि एक अँपिअर बिनबोभाट देणारा पॉवर सप्लाय त्यातून तयार होतो. गाडं अडतं ट्रान्सफॉर्मरपाशी. तयार १२-०-१२ वर २ अँपिअर छापलेलं असतं, पण तेवढा लोड दिला की अर्ध्या तासात त्याला हात लावता येत नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. म्हणून हा एक भाग मी स्वतः गुंडाळतो. त्यात पैसे फारसे वाचत नाहीत. पण भिंतीतले २३० व्होल्ट आणि सर्किटवर फिरणारा माझा हात यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या कागदाखेरीज काही नसतं. तो कागद कसा बसलाय हे मला माहीत असायला हवं.

आधी वही-पेन्सिल. आपल्याला १८ व्होल्ट, २ अँपिअरची सेकंडरी, म्हणजे सर्किटकडची गुंडाळी, हवी आहे. पंधरासाठी अठरा कशाला? संध्याकाळी शेतावरचे पंप सुरू झाले की लाइन २०० पर्यंत खाली येते. तेव्हा १८ चे साडेपंधरा होतात. त्यांचं शिखर सुमारे २२ व्होल्ट. ब्रिजमधले दोन डायोड दोनेक व्होल्ट खातात, ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साधारण सव्वादोन व्होल्टची लहर उरते, आणि ३१७ ला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात. एवढं सगळं वजा जाऊन पंधरा कसेबसे हातात येतात. करंटचंही तसंच. डायोड फक्त शिखराजवळच चालू होतात, त्यामुळे सेकंडरीत डीसीच्या पावणेदोन पट करंट वाहतो. २ अँपिअरच्या वाइंडिंगमधून म्हणूनच सव्वाअकराशे मिलिअँपिअरच्या वर डीसी मागू नये.

१८ गुणिले २ म्हणजे ३६ व्हीए. नासाडी धरून प्रायमरीने, म्हणजे लाइनकडच्या गुंडाळीने, ४२ घ्यावे लागतील. याच्या वर्गमुळाइतके चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा, एवढा लोखंडाचा गाभा किमान हवा. मी थोडा मोठा घेतो. गाभ्याची मधली जीभ एक इंच रुंद, स्टॅम्पिंगची, म्हणजे त्याच्या पत्र्यांची, चळत ३५ मिलिमीटर जाड. गुणाकार येतो ८.९, पत्र्यांवरच्या लेपाचा आणि फटींचा दहावा भाग वजा केला की निव्वळ ८. साध्या स्टॅम्पिंगसाठी ५० सायकलला ४० भागिले हे क्षेत्रफळ, म्हणजे एका व्होल्टला ५ वळसे. या हिशेबात लोखंड १.१ टेस्लाच्या जरासं वर चालतं, आणि लाइन २५० झाली तरी गुरगुरत नाही.

प्रायमरी २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वळसे. सेकंडरीचे ९० होतात, पण लोडवर तारेतच शेकडा आठच्या आसपास व्होल्टेज गळतं, म्हणून ९८ घालायचे. तार प्रायमरीला ३० गेज, सेकंडरीला २० गेज. दोन्ही एनॅमलच्या, प्रत्येकी दीडशे ग्रॅम पुरे.

सामानासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. पण खरा आधार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचा. गावोगावी विहिरीवरच्या मोटारी भरून देणारा माणूस असतो, आणि त्याच्याकडे तार, पॉलिएस्टर फिल्म (वर म्हटलेल्या कागदाच्या जागी मी हीच वापरतो), स्लीव्ह, सुती टेप, वॉर्निश सगळं सुटं मिळतं. स्टॅम्पिंग आणि बॉबिन (ज्यावर तार गुंडाळायची ती चौकट) जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढता येतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर जुन्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर शोधा. गंजलेला किंवा कडेने वेल्ड केलेला घेऊ नका. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधला जसाच्या तसा कधीही वापरू नका. बहुतेकदा तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्यात एकच वाइंडिंग आणि लाइनपासून फारकत नाही. मल्टिमीटरने इनपुट-आउटपुटमध्ये ओहम दाखवले की समजावं. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या ट्रान्सफॉर्मरला तर हातच लावू नका. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टची असते आणि ती माणूस मारते.

जुन्याची प्रायमरी चांगली निघाली तर निम्मं काम वाचतं. सेकंडरी तेवढी उतरवायची. त्याआधी कुठल्याही इन्शुलेटेड वायरचे १० वळसे वरून घालून त्यावरचं व्होल्टेज मोजायचं. २ व्होल्ट आले तर व्होल्टला ५ वळसे. नाही तर येईल त्या आकड्यावरून पुढचा हिशेब.

पूर्ण गुंडाळायचा असेल तर बॉबिनच्या मापाचा लाकडी ठोकळा करून त्यातून लांब बोल्ट घालावा, आणि हँडल असलेल्या स्टँडवर तो बसवावा. मोजणीसाठी मी स्वस्तातला कॅल्क्युलेटर वापरतो. त्याच्या = च्या बटणाला रीड स्विच जोडलाय आणि हँडलवर चुंबक चिकटवलंय. सुरुवातीला १ + १ दाबून ठेवलं की दर फेऱ्याला आकडा एकाने पुढे जातो. तोंडाने मोजायला बसलात तर दाराची बेल वाजली की हिशेब गेला.

३० गेजची तार थेट बाहेर आणू नका, दोन वेळा वाकली की तुटते. टोकावरचं एनॅमल बारीक पॉलिश पेपरने खरवडून तिला मऊ वायरचा तुकडा डाग देऊन जोडावा, सांध्यावर स्लीव्ह चढवावी, खालून फिल्म घालावी आणि टेपने बांधून मगच पहिला वळसा घ्यावा. तार डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत सुती कापडातून सोडायची. ताण इतकाच की वळसा कोपऱ्यावर चपटा बसेल. एका थरात नव्वदच्या आसपास वळसे बसतात, असे तेरा थर होतात.

प्रत्येक थरावर फिल्मचा एक फेरा. हा फेरा मी एकदा चुकवला. पहिलाच ट्रान्सफॉर्मर, सातवा की आठवा थर, रात्रीचे अकरा. फिल्म बॉबिनपेक्षा मिलिमीटरभर अरुंद कापली गेली होती. बॉबिनच्या गालाजवळचा, म्हणजे कडेच्या भिंतीजवळचा, शेवटचा वळसा त्या फटीतून सरकला आणि खालच्या थरांत उतरला. वरून काहीच दिसलं नाही. लगतच्या दोन थरांच्या टोकांत फार तर ३६ व्होल्टचा फरक असतो, पण तार तीन-चार थर खाली गेली की तोच दुप्पट होतो, आणि घासलेलं एनॅमल ते सोसत नाही. दोन दिवसांचं काम चालू केल्यावर दहा मिनिटांत धुरकटलं. तेव्हापासून फिल्म बॉबिनच्या आतल्या रुंदीपेक्षा चार मिलिमीटर जास्त रुंद कापतो, दोन्ही कडांना कात्रीने बारीक चिरा देतो आणि त्या चिरा गालांवर चढवतो. मोराच्या पिसाऱ्यासारखी कड उभी राहते. तिच्या आत तार कितीही दाबली तरी खाली जात नाही.

प्रायमरी संपली की ओहम बघा. ३५ ते ४५ च्या दरम्यान यायला हवेत. मग सगळ्यात महत्त्वाचे तीन फेरे, प्रायमरी आणि सेकंडरीमधले. इथे फिल्म ताजी आणि सलग घ्या, जोडलेले तुकडे नकोत. कडा तशाच चिरून गालांवर चढवा. प्रायमरीची टोकं बॉबिनच्या एका बाजूने आणि सेकंडरीची दुसऱ्या बाजूने काढा. एकाच भोकातून चारही वायर काढणं मला अजिबात मान्य नाही.

२० गेजची तार हट्टी असते. ती आधी सरळ करून घ्यावी, आणि प्रत्येक कोपऱ्यावर लाकडी पट्टीने हलकेच ठोकून बसवावी. तीन थरांत ९८ वळसे बसतात. थरांमध्ये फिल्म, शेवटी सुती टेप.

स्टॅम्पिंग भरताना ई आकाराची एक पट्टी डावीकडून, पुढची उजवीकडून, आणि समोर तिची आय. शेवटच्या दोन-तीन पट्ट्या जात नाहीत. हातोडीने घातल्या तर धार बॉबिन कापून प्रायमरीत शिरते. लाकडी ठोकळ्याने टकटक करत जेवढ्या जातील तेवढ्याच घाला, एखादी राहिली तरी चालेल. नंतर बोल्ट घट्ट आवळा. सैल राहिले तर गुणगुणेल.

चालू करण्याआधी रिवाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-गाभा, सेकंडरी-गाभा, तिन्हीकडे काटा अनंताकडे जायला हवा. त्यानंतर पहिली लाइन सिरीज बोर्डवरून, ६० वॅटच्या बल्बमधून द्यायची. सेकंडरी मोकळी असताना बल्ब पेटता कामा नये, त्याची तार जेमतेम लालसर दिसली तर हरकत नाही. लख्ख पेटला तर आत कुठेतरी वळसा शॉर्ट आहे, आणि उलगडण्याला पर्याय नाही. पेटला नाही तर अर्ध्या अँपिअरच्या स्लो ब्लो फ्यूजमधून थेट लाइन द्या. २३० ला सेकंडरीवर साडेएकोणीस व्होल्टच्या आसपास दिसतील. तासभर तसाच ठेवा, कोमट झाला पाहिजे, गरम नव्हे.

लोडला मोटारसायकलच्या दुकानातले १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडतो. दीड अँपिअर सहज ओढतात. एक तासाने लाइन बंद करून गाभ्यावर तळहात ठेवावा आणि दहापर्यंत मोजावं. तेवढा वेळ हात राहिला तर ट्रान्सफॉर्मर पास.

आता वॉर्निश, आधी नाही, कारण वॉर्निश लागल्यावर काहीच उलगडत नाही. ट्रान्सफॉर्मर दुपारभर उन्हात तापवून कोमट असतानाच वॉर्निशमध्ये बुडवावा, बुडबुडे थांबेपर्यंत. निथळू द्यावा, मग पत्र्याच्या डब्यात १०० वॅटच्या बल्बखाली रात्रभर, वास ओसरेपर्यंत. गाभ्याच्या बोल्टला अर्थची हिरवी वायर लावून तीन पिनच्या प्लगपर्यंत न्यावी. आणि बॉबिनवर कागदाची पट्टी चिकटवावी: ११५० / ३०, ९८ / २०, तारीख.